नर्व्ह तुटली की स्नायू का वाळतो, आणि जोडली तरी लगेच का चालत नाही

२०२४ मध्ये मेंदूत चिप बसवलेल्या एका पेशंटने, खांद्याखालचं शरीर हलत नसताना, नुसत्या विचाराने कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळून दाखवलं, ती बातमी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो, की मेंदूतला सिग्नल बाहेर काढता येतो तर तोच सिग्नल पायाच्या स्नायूला देऊन माणसाला चालवता का येत नाही? आणि दुसरा प्रश्न याहून जास्त जिव्हारी लागणारा. मनगटाजवळ काच लागून नर्व्ह कापली गेली, सर्जनने मायक्रोस्कोपखाली ती नीट जोडली, टाके निघाले, जखम भरली, आणि तरी दोन महिन्यांनी बोटं हलत नाहीत, उलट अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग आत आत जाऊन तिथे खळगा पडत चाललाय. मग घरचे विचारतात, ऑपरेशन फेल गेलं का?

या दोन्ही प्रश्नांमागे एकच समज आहे, की नर्व्ह म्हणजे वायर आणि स्नायू म्हणजे मोटर, वायर जोडली की मोटर फिरायला पाहिजे. हा समज मला घातक वाटतो. त्याच्यामुळे काही पेशंट फार लवकर हात टेकतात, आणि काही जण "होईल आपोआप" म्हणत जो वेळ अजिबात घालवायचा नसतो तोच घालवतात. खरी गोष्ट अशी आहे की नर्व्ह तुटणं ही एका क्षणात घडून संपणारी घटना नाहीच, त्या क्षणापासून नर्व्हमध्ये आणि स्नायूमध्ये जी केमिकल उलथापालथ सुरू होते ती महिनोन्महिने चालते आणि उपचारांचं सगळं वेळापत्रक त्या उलथापालथीवर ठरतं.

आधी थोडं बेसिक

इथे नर्व्ह म्हणजे संवेदना आणि हालचालीची नस, रक्ताची नाही. एका नर्व्हमध्ये हजारो बारीक धागे असतात, त्या एकेका धाग्याला ॲक्झॉन म्हणतात. ॲक्झॉन म्हणजे एका जिवंत पेशीचाच लांबलेला भाग. पायाचा पंजा हलवणारी पेशी पाठीच्या मज्जारज्जूत बसलेली असते, तिचं मुख्य अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान, आणि तिथून निघालेला ॲक्झॉन मात्र पार पावलापर्यंत जातो, म्हणजे उंच माणसात जवळजवळ एक मीटर.

आता एवढ्या लांब धाग्याला लागणारी बहुतेक प्रोटीन्स त्या इवल्याशा मुख्य अंगातच तयार होतात आणि ॲक्झॉनच्या आतून वाहून नेली जातात. सगळ्यात वेगवान माल दिवसाला साधारण ४० सेंटीमीटर जातो, म्हणजे पाठीतून निघालेलं प्रोटीन पावलापर्यंत पोचायला दोन-अडीच दिवस लागणार, आणि जो माल सावकाश जातो त्याचं तर विचारूच नका, दिवसाला काही मिलिमीटर. हे वाहतुकीचं प्रकरण नीट डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. ॲक्झॉनवर चरबीयुक्त आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात, आणि हातापायांच्या नर्व्हमध्ये हे आवरण बनवणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. या श्वान पेशी पुढे फार मोठं काम करणार आहेत.

तुटलेला भाग मरत नाही, तो स्वतःला मारतो

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेची नर्व्ह कापून पाहिलं की कापलेल्या जागेच्या पलीकडचा, म्हणजे मुख्य पेशीपासून वेगळा झालेला भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन नष्ट होतो. या प्रक्रियेला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं सगळ्यांनी असंच धरलं की झाडाची तोडलेली फांदी जशी दोन दिवस हिरवी दिसते आणि मग पाणी नाही म्हणून सुकते, तसंच हे, पुरवठा बंद झाला की धागा उपाशी मरतो.

१९८९ मध्ये उंदरांची एक जात सापडली आणि ही फांदीची कल्पना मोडली. या उंदरांची नर्व्ह कापली तरी पलीकडचा भाग दोन-तीन आठवडे शाबूत राहायचा, साध्या उंदरांत तो दोन दिवसांत संपतो. पुरवठा दोन्हीकडे बंदच होता. म्हणजे नुसती उपासमार हे कारण असूच शकत नाही, ॲक्झॉनमध्ये स्वतःला संपवायची एक यंत्रणा आधीपासूनच तयार असली पाहिजे आणि या उंदरांमध्ये ती कुठेतरी अडली असली पाहिजे.

ही यंत्रणा आता बऱ्यापैकी कळली आहे, आणि माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत न्यूरॉलॉजीमध्ये जे काही उलगडलं त्यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेशीला साखरेतून एनर्जी काढायला एनएडी नावाचा एक छोटा रेणू लागतो, जो बी३ व्हिटॅमिनपासून बनतो. ॲक्झॉनमध्ये हा एनएडी बनवण्याचं शेवटचं काम करणारं एक एन्झाइम आहे, एनमनॅट-२, आणि त्याचं आयुष्य फार थोडं, काही तासांत ते मोडीत निघतं, त्यामुळे मुख्य पेशीकडून नवीन माल सतत येत राहावा लागतो. त्याच ॲक्झॉनमध्ये सार्म-१ नावाचं दुसरं एक एन्झाइम कुलूप लावल्यासारखं गप्प पडून असतं. नर्व्ह कापली की एनमनॅट-२ यायचं बंद, काही तासांत आतला साठा संपतो, एनएडी घटायला लागतो आणि ज्या कच्च्या मालापासून तो बनतो, ज्याला एनएमएन म्हणतात, तो साचत जातो. एनएमएन जास्त आणि एनएडी कमी, ही जोडी जमली की सार्म-१ चं कुलूप उघडतं, आणि सार्म-१ चं काम काय, तर उरलासुरला एनएडी फाडून टाकणं. मग एनर्जी संपते, पेशीच्या भिंतीवरचे पंप बंद पडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, आणि कॅल्शियममुळे जागी होणारी कॅल्पेन नावाची एन्झाइम्स ॲक्झॉनचा आतला सांगाडा कापून टाकतात.

सार्म-१ चा यात हात आहे हे २०१२ मध्ये समोर आलं आणि ते स्वतःच एनएडी फाडणारं एन्झाइम आहे हे २०१७ मध्ये. म्हणजे अगदी ताजी गोष्ट. हिचं महत्त्व फक्त कापलेल्या नर्व्हपुरतं नाही, कॅन्सरच्या काही औषधांनी हातापायाला मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो त्यातही हीच यंत्रणा काम करते असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, म्हणूनच सार्म-१ ला अडवणारी औषधं बनवायची धडपड सध्या जोरात चालू आहे.

मग एनसीव्ही टेस्ट, म्हणजे नर्व्हमधून करंट कसा जातो ते मोजणारी तपासणी, लगेच का करत नाहीत?

पेशंटच्या नातेवाईकांना याचा खूप राग येतो. आज हात लुळा पडलाय आणि डॉक्टर सांगतात तीन आठवड्यांनी टेस्ट करू. पण वरचं वाचल्यावर कारण लक्षात येईल. कापल्यानंतर पलीकडचा तुकडा काही दिवस करंट वाहून नेतच असतो. माणसात हालचालीच्या नर्व्हचा प्रतिसाद जायला साधारण आठवडा लागतो, संवेदनेच्या नर्व्हला दहा-अकरा दिवस. दुसऱ्याच दिवशी जखमेच्या पलीकडे टेस्ट केली तर नर्व्ह एकदम ठीक असल्यासारखी दिसेल आणि तो खोटा दिलासा ठरेल. स्नायूत सुई टोचून त्याचे विजेचे सिग्नल पाहणाऱ्या ईएमजी टेस्टला तर दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात, का ते खाली स्नायूच्या भागात येईल.

सफाई झाल्याशिवाय नवीन धागा वाढत नाही

ॲक्झॉन तुटून पडला की श्वान पेशी आपलं नेहमीचं काम टाकून देतात. त्यांच्यात सी-जून नावाचा एक जीन्सचा स्विच चालू होतो, मायलिन बनवणारे जीन्स बंद पडतात, आणि ज्या पेशीने आयुष्यभर मायलिन बनवलं तीच पेशी आता ते मायलिन मोडून खायला लागते. ती रक्तातल्या मॅक्रोफेज पेशींनाही बोलावून घेते, त्या येऊन उरलेला कचरा साफ करतात. मग श्वान पेशी रांगेने उभ्या राहून रिकाम्या नळीत एक मार्ग तयार करतात आणि वाढीला मदत करणारी प्रोटीन्स सोडायला लागतात.

तिकडे पाठीत बसलेल्या मुख्य पेशीतही मोठा बदल होतो. एरवी ती सिग्नल पाठवायला लागणारा माल बनवत असते, आता ते काम मागे पडतं आणि बांधकामाचा माल, म्हणजे नवीन धाग्याच्या सांगाड्याची प्रोटीन्स बनायला लागतात. मायक्रोस्कोपखाली ही पेशी फुगलेली आणि तिचं केंद्र एका बाजूला सरकलेलं दिसतं, जुन्या काळी पाहणाऱ्याला ती मरायला टेकली असंच वाटायचं, पण खरं तर ती कामाला लागलेली असते.

या सगळ्याचा निकाल म्हणजे नवीन धागा, जो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, महिन्याला अडीच-तीन सेंटीमीटर धरा. कोपराजवळ नर्व्ह कापली असेल आणि हाताच्या पंजातला स्नायू तिथून पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब असेल तर गणित दहा महिन्यांच्या आसपास जातं, आणि सुरुवातीचे जोडावर अडकलेले दिवस वेगळेच. सर्जन जो टाका घालतो तो रिकाम्या नळीची दोन टोकं जुळवण्यासाठी असतो, आतले धागे कोणालाच जोडता येत नाहीत, ते वाढावेच लागतात. म्हणून दोन महिन्यांत बोटं हलली नाहीत यावरून ऑपरेशन फसलं असं कोणी म्हणू नये. धागा पुढे सरकतोय का हे मात्र पाहता येतं, नर्व्हच्या मार्गावर बोटाने टिचकी मारत गेलं तर जिथपर्यंत नवीन टोकं पोचली आहेत तिथे झिणझिण्या येतात आणि दर महिन्याला ती जागा पुढे सरकायला पाहिजे.

आता स्नायूकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे

नर्व्ह स्नायूला जिथे भेटते ती जागा फारच लहान, एका स्नायूतंतूवर एकच ठिपका. नर्व्हच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं केमिकल सुटतं आणि स्नायूच्या बाजूला ते पकडणारे रिसेप्टर दाटीवाटीने बसलेले असतात, एका वर्ग मायक्रॉनमध्ये दहा हजारांच्या आसपास, आणि ठिपक्याच्या बाहेर जवळजवळ एकही नाही. ही शिस्त नर्व्हमुळे टिकते.

नर्व्ह गेली की काही दिवसांत स्नायू ते रिसेप्टर स्वतःच्या सगळ्या अंगावर पसरायला लागतो. शिवाय जे नवीन रिसेप्टर बनतात ते मोठ्या माणसाचे नसतातच, गर्भातल्या बाळाच्या स्नायूत असतात त्या जातीचे असतात, उघडले की जास्त वेळ उघडे राहतात आणि स्वतः फार टिकत नाहीत, जुन्याचं अर्धायुष्य दहा दिवसांच्या घरात तर याचं एक दिवसाच्या. म्हणजे स्नायू जन्माच्या आधीच्या अवस्थेकडे मागे जातो, त्या काळात तो नर्व्ह यायची वाट पाहत होता आणि आता पुन्हा तसाच वाट पाहतोय. स्नायूच्या पडद्यावरची सोडियमची दारंही बदलतात, आणि त्यातून दोन-तीन आठवड्यांनी तंतू कोणी न सांगता आपणहून फडफडायला लागतो. ही फडफड त्वचेवरून दिसत नाही. ईएमजीची सुई शांत पडलेल्या स्नायूत टोचली की निरोगी माणसात स्क्रीनवर सरळ रेघ असते, आणि इथे सेकंदाला एक ते दहा अशा ठरावीक अंतराने बारीक बारीक टोकं उमटतात आणि मशीनच्या स्पीकरमधून टप टप आवाज येतो. डॉक्टर ते ऐकून सांगतात की हा स्नायू नर्व्हपासून तुटलेला आहे.

ही माहिती भूल देणाऱ्या डॉक्टरला का सांगायची

रिसेप्टरची गोष्ट नुसती पुस्तकी वाटत असेल तर हे वाचा. ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घालण्यासाठी स्नायू पटकन सैल करणारं सक्सिनिलकोलीन नावाचं औषध वापरतात. ते ॲसिटिलकोलीनच्याच रिसेप्टरवर बसून त्यांना उघडतं. निरोगी माणसात रिसेप्टर छोट्याशा ठिपक्यातच असल्यामुळे रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे अर्ध्या मिलिमोलच्या आसपास वाढतं, त्याने काही बिघडत नाही. पण ज्याचे स्नायू नर्व्हपासून तुटलेत, किंवा मज्जारज्जूला मार लागलाय, किंवा मोठा स्ट्रोक होऊन गेलाय, त्याच्या त्या स्नायूंच्या सगळ्या अंगावर रिसेप्टर पसरलेले असतात, ते सगळे एकदम उघडतात, स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात ओततं आणि हृदय बंद पडू शकतं. पहिले एक-दोन दिवस सोडले तर पुढचे कित्येक महिने हा धोका असतो. भूलतज्ज्ञांना हे पक्कं ठाऊक असतं आणि त्यांच्याकडे दुसरी औषधं असतात, पण इमर्जन्सीमध्ये पेशंट बोलू शकत नसेल आणि जुनी हिस्टरी कोणी सांगितलीच नाही तर त्यांना कळणार कसं? घरच्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवून आधी सांगावी, अगदी कळकळीने सांगतो.

स्नायू "वापरला नाही म्हणून" वाळतो का?

अर्धंच खरं आहे. प्लास्टरमध्ये ठेवलेला पायही बारीक होतो, पण नर्व्ह गेलेला स्नायू त्याहून कितीतरी वेगाने वाळतो. उंदरात पायाची मुख्य नर्व्ह कापली तर पोटरीचा स्नायू साधारण दोन आठवड्यांत निम्म्यावर येतो.

स्नायूतली प्रोटीन्स रोज थोडी मोडतात आणि रोज थोडी नवीन बनतात, दोन्ही बाजू सारख्या असल्या की स्नायू आहे तसा राहतो. नर्व्ह गेल्यावर बनवायची बाजू मंदावते, आणि मोडायच्या बाजूला तर सरळ आदेशच निघतात. पेशीमध्ये मोडायच्या प्रोटीनवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवायची पद्धत आहे, खूण लागली की ते प्रोटीन प्रोटिओसोम नावाच्या यंत्रात जाऊन त्याचे तुकडे होतात. ही पद्धत शोधल्याबद्दल २००४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. २००१ मध्ये असं दिसलं की वाळणाऱ्या स्नायूत ही खूण चिकटवणारी दोन प्रोटीन्स, मर्फ-१ आणि ॲट्रोजिन-१, प्रचंड वाढतात, आणि ज्या उंदरांत यातलं एक जरी काढून टाकलं त्यांचा स्नायू नर्व्ह कापल्यावर कमी वाळला. म्हणजे इथेही तीच गोष्ट, ॲक्झॉनसारखाच स्नायूसुद्धा आतून ठरवून स्वतःला मोडतो.

जाडीसोबत जातही बदलते. मंद पण न थकणारे तंतू आणि वेगवान पण लवकर दमणारे तंतू असे ढोबळ दोन प्रकार असतात, आणि कोणता तंतू कुठल्या प्रकारचा होणार हे नर्व्ह ठरवते. १९६० मध्ये जॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांमध्ये मंद स्नायूची नर्व्ह वेगवान स्नायूला आणि वेगवानाची मंदाला जोडून पाहिली आणि स्नायूंचा वेग त्या त्या नर्व्हप्रमाणे बदलला! मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांत महिन्यांमागून महिने गेले की पायाचे मंद तंतू वेगवान प्रकाराकडे झुकतात, त्यांच्यातली एनर्जी बनवणारी केंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, घटतात, रक्तातली साखर आत ओढून घेण्याची क्षमता कमी होते. अशा लोकांना डायबिटीस व्हायची शक्यता जास्त असते त्यामागचं हे एक मोठं कारण, आणि याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

मग भरपूर प्रोटीन घेतलं तर?

प्रोटीन पुरेसं मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही, उपाशी माणसाचा स्नायू आणखी लवकर जातो. पण प्रोटीन पावडरने नर्व्ह गेलेला स्नायू परत भरत नाही. कच्चा माल कमी पडला म्हणून तो वाळलेला नसतो, मोडायचा आदेश निघाला म्हणून वाळलेला असतो, आणि हलवला न जाणारा स्नायू खाल्लेलं प्रोटीन नीट वापरतही नाही.

स्ट्रोकमध्ये हात लुळा न राहता कडक का होतो?

आतापर्यंत आपण मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नर्व्हबद्दल बोललो. स्ट्रोकमध्ये किंवा मज्जारज्जूच्या इजेत ती शेवटची नर्व्ह बहुतेक ठिकाणी जिवंत असते, तिला हुकूम देणाऱ्या वरच्या पेशी गेलेल्या असतात, त्यामुळे चित्र वेगळं दिसतं.

मेंदूत रक्त पोचलं नाही की काही मिनिटांत एनर्जी संपते, पेशी ग्लुटामेट नावाचं उत्तेजक केमिकल भरमसाट सोडतात, शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्याही मरतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये, उपचार नाही झाले तर, दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूतल्या सिग्नल देणाऱ्या पेशी, जातात असा २००६ चा एक नावाजलेला अंदाज आहे. "सकाळपर्यंत थांबू" हे वाक्य किती महाग पडतं ते यावरून समजावं.

पुढे काही आठवड्यांत कडकपणा येतो. वरून हुकूम येत नाहीत म्हणून मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःची संवेदनशीलता वाढवतात. शिवाय त्यांच्यातला क्लोराइड बाहेर टाकणारा केसीसी-२ नावाचा पंप कमी होतो असं उंदरांवरच्या प्रयोगांत सापडलं आहे. एरवी गाबा हे केमिकल या पेशींना शांत करतं, पण ते पेशीतलं क्लोराइड कमी असेल तरच. पंप कमी पडला की गाबाचा धाक राहत नाही आणि जराशा ताणाने स्नायू आवळला जातो. बॅक्लोफेन नावाचं औषध गाबाच्याच दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरवर काम करून हा कडकपणा कमी करतं (ते मनाने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात). बोटॉक्सचं इंजेक्शन थेट स्नायूजवळ नर्व्हच्या टोकातलं ॲसिटिलकोलीन सोडणारं प्रोटीन कापतं, आणि तीन-एक महिन्यांत असर ओसरतो.

आणि मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या धाग्यांना परत वाढता का येत नाही? १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूजवळ पायाच्या नर्व्हचा तुकडा बसवला तर तेच "न वाढणारे" धागे त्या तुकड्यातून सेंटीमीटरच्या सेंटीमीटर वाढले. म्हणजे कमतरता धाग्यापेक्षा आजूबाजूच्या जागेत जास्त आहे. तिथे श्वान पेशी नसतात, मायलिनचा कचरा महिनोन्महिने पडून राहतो आणि त्या कचऱ्यात नोगोसारखी वाढ थांबवणारी प्रोटीन्स असतात, वरून जखमेची खपली तयार होते तिच्यातही अडवणारे पदार्थ. पेशींची स्वतःची वाढायची ताकदही वयानुसार घटते हे आहेच, पण मला या प्रयोगातून मिळणारी आशा फार मोठी वाटते.

बी१२ च्या गोळ्या, एनएमएनच्या कॅप्सूल यांचं काय?

मायलिन टिकवायला बी१२ लागतं, आणि त्याची कमतरता असेल तर नर्व्ह त्यानेच खराब होते, तेव्हा रक्तात कमी असेल तर घेतलंच पाहिजे, आणि लवकर. पण कमतरता नसताना बी१२ ने तुटलेली नर्व्ह भराभर वाढते असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. बी६ तर जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर उलट नर्व्ह बिघडवतं, म्हणून एकावर एक मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांनी लेबल वाचावं.

एनएमएन आज तरुण राहायचं सप्लिमेंट म्हणून विकलं जातं. वर वाचलंत तसं, इजा झालेल्या ॲक्झॉनमध्ये साचलेलं एनएमएनच सार्म-१ चं कुलूप उघडतं. एवढ्यावरून कॅप्सूल घातक आहे असं म्हणणं चूक ठरेल, शरीरात ती कुठे किती पोचते हा वेगळा विषय, पण "एनएडी वाढतो म्हणजे नर्व्हला चांगलं" हे जाहिरातीतलं सरळसोट गणितही चालत नाही. नर्व्हची इजा असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नये एवढं मी ठामपणे सांगेन.

करंटच्या मशीनचा उपयोग होतो का?

कुठली इजा आणि कुठलं मशीन, यावर आहे. साधी मशीन्स हजारांश सेकंदाहून छोटे झटके देतात आणि ते झटके नर्व्हला जागं करतात, स्नायूला नाही. स्ट्रोकमध्ये खालची नर्व्ह जिवंत असते म्हणून तिथे स्नायू आवळतो. पण नर्व्हच मेली असेल तर तो झटका स्नायूपर्यंत काही पोचवत नाही, स्नायूला थेट हलवायला कित्येक पट लांब झटका लागतो आणि त्यासाठी वेगळं मशीन, वेगळी सेटिंग आणि त्वचा भाजू नये म्हणून अनुभवी फिजिओ लागतो. सुरुवातीला विचारलेल्या, विचाराने पाय चालवण्याच्या प्रश्नातली एक अडचण हीच आहे, ज्या स्नायूंची शेवटची नर्व्ह गेली आहे तिथे चिपने सिग्नल दिला तरी तो घ्यायला कोणी उरलेलं नसतं, आणि जिथे ती आहे तिथेही स्नायू वाळून लवकर दमणारा झालेला असतो.

हातापायांचे सांधे रोज हलवत राहणं मात्र कुठल्याही मशीनपेक्षा महत्त्वाचं, कारण सांधा आखडला तर पुढे नर्व्ह पोचूनही बोट वाकणार नाही.

किती वेळ हातात असतो?

वाट पाहणारा स्नायू कायम वाट पाहत नाही. सुरुवातीचे महिने तो नवीन धाग्याला सहज स्वीकारतो, पुढे तंतूंच्या जागी तंतुमय जाळं आणि चरबी भरत जाते, तिकडे श्वान पेशींचाही वाढ घडवायचा जोर ओसरतो, आणि साधारण बारा ते अठरा महिन्यांनंतर पोचलेल्या धाग्याचा हालचालीसाठी फारसा उपयोग होत नाही. आता हे आकडे मिलिमीटरच्या गणिताशेजारी ठेवा. मानेजवळ नर्व्हचा गुच्छ तुटला असेल तर हाताचा पंजा साठ-सत्तर सेंटीमीटर लांब, म्हणजे धागा पोचायला दोन वर्षं, आणि स्नायू त्याच्या आधीच गेलेला. म्हणून सर्जन अशा वेळी थांबत नाहीत, शेजारच्या, थोडं कमी महत्त्वाचं काम करणाऱ्या नर्व्हची एक फांदी स्नायूच्या अगदी जवळ आणून जोडतात, अंतरच कमी करून टाकतात. बंद मार लागलेला असेल, म्हणजे नर्व्ह कापली आहे की नुसती दबली आहे हे कळत नसेल, तर तीन-एक महिने वाट पाहतात, पण त्यानंतरही सुधारणेचं एकही लक्षण नसेल तर नर्व्हच्या सर्जनला दाखवायला वर्ष लावू नये. संवेदनेसाठी ही मुदत बरीच सैल असते, उशिरा जोडूनही स्पर्श थोडाफार परत येऊ शकतो.

नर्व्ह अर्धवट गेली असेल तर शरीर आणखी एक मार्ग काढतं, वाचलेले ॲक्झॉन शेजारच्या अनाथ तंतूंकडे फांद्या फोडून त्यांना दत्तक घेतात. पोलिओतून बरे झालेल्या अनेकांची ताकद अशीच परत आली. त्यांच्यातल्या काहींना काही दशकांनी पुन्हा अशक्तपणा येतो, आणि त्या वाढीव कुटुंबाचं ओझं इतकी वर्षं वाहून पेशी दमल्या हे त्याचं एक कारण असावं असं मानलं जातं.

किडनीच्या रिपोर्टबद्दल

स्नायू कमी झाल्याचा परिणाम अशा ठिकाणी दिसतो जिथे कोणी बघत नाही. किडनी तपासायला आपण क्रिॲटिनिन बघतो, आणि क्रिॲटिनिन तयार होतं स्नायूतल्या क्रिॲटिनपासून. स्नायूच निम्मे झाले तर क्रिॲटिनिनही कमी बनतं, मग किडनी बिघडायला लागली तरी रिपोर्टमधला आकडा "नॉर्मल" रेंजमध्ये बसतो. मज्जारज्जूच्या इजेत लघवीचे त्रास आणि इन्फेक्शन वारंवार होतात, म्हणजे ज्यांना किडनीची काळजी सगळ्यात जास्त घ्यायला पाहिजे त्यांचाच रिपोर्ट फसवा असतो. सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी रक्ततपासणी आहे, ती स्नायूवर फारशी अवलंबून नसते. व्हीलचेअरवर किंवा बेडवर असलेल्या पेशंटच्या पुढच्या तपासणीच्या वेळी ती करून घ्यायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.